न सांधलेलें पोलाद

दमास्कस या नांवानें आज हातीं घडविलें जाणारें पोलाद बहुधा जुन्या तलवारींचें मुशींतलें पोलाद नव्हे; दोन जातींच्या पोलादाचे थर भट्टींत तापवून, ऐरणीवर ठोकून तें एकजीव केलेलें असतें. १९७३ सालीं विल्यम मोरन या अमेरिकन कारागिरानें अशीं पातीं प्रदर्शनांत मांडलीं, तेव्हांपासून या विद्येचे हौशी वाढले, आणि थर सुटल्याच्या तक्रारीहि.

व्याकरणांत दोन स्वर शेजारीं येतांच संधि होतो. पोलादाचें तसें नाहीं. जोड सुटला कीं नवखा मनुष्य घाव कमी पडला असें समजतो. वस्तुतः दोष बहुधा घावाच्या अगोदरचा असतो. तापलेल्या पोलादावर हवेनें पपडी धरते. ती मध्यें राहिली तर कितीहि ठोका, व्यर्थ. यासाठीं थर आधीं कानशीनें चकचकीत करावे व लाल होतांच टाकणखार पेरावा. तो वितळून पपडी विरघळवितो. निखारे दाट हवेत, भात्याचा वारा थेट पोलादावर नको. वरून पिवळें दिसलें तरी गाभा तितकाच तापेपर्यंत थांबावें. (ठिणग्या उडूं लागल्या तर मात्र तें जळतें आहे.) पहिले ठोके हलके असावे, म्हणजे खार बाहेर पडतो, जोराच्या घावानें थर सरकतात.

निवतांना नीट पाहावें. सुटा थर खालची ऊब न मिळाल्यानें आधीं काळवंडतो. ती जागा घासून लपवूं नये; पाणी देतांना पातें तेथेंच चिरतें. कडेची भेग ताजी असल्यास पुन्हां खार घालून सांधावी. पपडी खोल शिरली असल्यास तेवढा भाग कापून टाकावा.