कंबरेचा पुरावा, मानेचा धंदा

बेंगळुरूतल्या एका मराठी गृहस्थांनी परवा मणक्यांवर व्याख्यान दिले. आपण डॉक्टर नाही हे त्यांनी आरंभीच अभिमानाने सांगितले आणि उरलेला वेळ त्याचे पुरावे दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मणका सरकला की मज्जातंतू दबतो, मज्जातंतू दबला की कंबरदुखीपासून दम्यापर्यंत सगळे रोग होतात, आणि कायरोप्रॅक्टर एका झटक्यात मणका जागेवर बसवतो. हे अमेरिकेला पटले, तिथल्या न्यायालयाला पटले, संशोधनानेही सिद्ध केले. पटत नाही ते फक्त आपल्या पोटार्थी डॉक्टरांना.

किरकोळ मुद्दे आधी उरकून घेऊ. वक्त्यांनी दाखला दिला तो अमेरिकेतला खटला १९७६ साली उभा राहिला आणि १९८७ साली कायरोप्रॅक्टरांच्या बाजूने लागला, हे खरे. पण तो व्यवसायातल्या बहिष्काराविरुद्धचा खटला होता. उपचाराच्या गुणावर शिक्का मारायला न्यायाधीशांनी चक्क नकार दिला होता. डॉक्टर पोटार्थी? असतील. बैठकींचे पॅकेज आगाऊ पैसे घेऊन विकणारेही उपाशी झोपत नसावेत. तो 'कटकन' आवाज मणका जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते त्याचा तो आवाज; बोटे मोडतानाही तेच होते. 'आपल्याकडे पुत्तूरचे हाडवैद्य होतेच की,' हा युक्तिवादही झाला. 'पुत्तूर कट्टू' ही पट्टी तिथे मोडलेल्या हाडाला बांधतात. त्याचा कायरोप्रॅक्टिकशी संबंध एवढाच, की दोन्ही दारांशी रांग असते.

मूळ कथाही वक्त्यांनी डोळे मिटून सांगितली. १८९५ साली आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याचे बहिरेपण गेले. ऐकण्याचा मज्जातंतू मेंदूतून थेट कानात जातो, पाठीच्या वाटेने जात नाही, याची या कथेला अडचण वाटत नाही. पामर त्याआधी चुंबकचिकित्सा करीत, हे मात्र व्याख्यानात राहून गेले. आपल्या मध्यमवर्गात चुंबकाच्या गाद्या साखळी पद्धतीने खपत होत्या, तेव्हाही हाच वाद झाला होता. 'मला गुण आला ना, मग झाले!' हे वाक्य तेव्हा होते, आजही आहे. कंबरेची नवी उसण बहुधा काही आठवड्यांत आपोआपच उतरते. त्या काळात गादी घेतलेली असेल तर श्रेय गादीला आणि झटका घेतलेला असेल तर झटक्याला.

आता खरा मुद्दा, 'संशोधनाने सिद्ध'. काय सिद्ध झाले, आणि शरीराच्या कुठल्या भागाबद्दल? जुनाट कंबरदुखीवरचा २०११ चा कॉक्रेन आढावा घ्या. २६ चाचण्या, ६,०७० रुग्ण. इतर उपचारांच्या तुलनेत मणक्याच्या झटक्याने वेदना थोडी अधिक कमी झाली, पण रुग्णाच्या जगण्यात फरक पडावा इतकी नाही. २०१९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ४७ चाचण्यांचा आणि ९,२११ रुग्णांचा आढावा आला. वेदनेपुरते त्याचे सार असे, की शिफारस झालेल्या इतर उपचारांइतकाच याचा उपयोग. नव्या कंबरदुखीवर २०१७ चा आढावा सहा आठवड्यांपर्यंत माफक आराम दाखवतो. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या मार्गदर्शिकेने, गोळ्यांआधी करून पाहण्याच्या उपायांत शेक आणि मसाज यांच्या शेजारी मणक्याच्या या उपचारालाही जागा दिली. २०१८ मध्ये ७५० अमेरिकी सैनिकांवरच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना कायरोप्रॅक्टिकची जोड दिल्यावर अधिक आराम पडला. हे सगळे मला मान्य आहे आणि बेंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकातल्या कोंडीत रोज कंबर मोडून घेणाऱ्या माणसाला त्यातून चार दिवसांचा दिलासा मिळाला तर माझी हरकत नाही.

पण यातले एकूण एक संशोधन कंबरेचे आहे! वक्त्यांनी कंबरेचा दाखला घेतला आणि दम्याच्या खिडकीवर वटवला. दम्याचीही चाचणी झालेली आहे, आणि ती कायरोप्रॅक्टर मंडळींच्या सहभागानेच झाली. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९९८ साली ती छापून आली. दमेकरी मुलांचे दोन गट केले. एका गटाला खरा उपचार, दुसऱ्याला लटका. ८० मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दोन्ही गटांतल्या मुलांची लक्षणे कमी झालेली आढळली, आणि दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे लटक्या उपचारानेही तेवढाच गुण. एवढी स्पष्ट चाचणी उपलब्ध असताना लेकरांच्या आयांसमोर उभे राहून दम्याचे नाव घेणे याला अज्ञान म्हणावे की विक्रीकौशल्य, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आणि मान? 'दुष्परिणाम शून्य' असे व्याख्यानात ठासून सांगितले गेले. २०२४ साली बळ्ळारीच्या सलूनमध्ये डोक्याच्या मालिशीत मान पिळली गेल्याने तिशीतल्या एका कामगाराची मानेतली रक्तवाहिनी फाटली, त्याला पक्षाघात झाला, आणि उपचार याच बेंगळुरूत झाले. कायरोप्रॅक्टरकडे असे वारंवार घडते असे मी म्हणत नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत २००८ साली झालेल्या मोठ्या अभ्यासात पक्षाघाताचा जो संबंध कायरोप्रॅक्टरकडे गेलेल्यांत दिसला, तसाच तो डॉक्टरकडे जाऊन आलेल्यांतही दिसला. कारण बहुधा असे, की रक्तवाहिनी आधीच फाटू लागली की मान दुखते आणि माणूस कुणाकडे तरी जातो. पण मग अशा मानेला झटका देणाऱ्याला ती ओळखता यायला नको का?

'तो तर न्हावी होता,' असे वक्ते म्हणतील. मला नेमके तेच म्हणायचे आहे. शिकलेला कायरोप्रॅक्टर आणि व्हिडिओ पाहून तयार झालेला मानमोड्या यांत फरक करणारा कायदा आपल्याकडे कुठे आहे? ब्रिटनने तो १९९४ सालीच केला. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टांचा समावेश असलेला केंद्रीय कायदा २०२१ मध्ये झाला, पण कायरोप्रॅक्टरांसाठी स्वतंत्र कायदा नाही, परिषदही नाही.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. या विद्येला आधुनिक आरोग्यसेवेत जागा द्या, पण ती कंबरदुखीपुरती, व्यायामाच्या जोडीने आणि नोंदणीच्या चौकटीत. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेतही हाताने करायचे उपचार व्यायामासोबतच सांगितले आहेत. लहान मुलांना यापासून दूर ठेवा, आणि तपासल्याशिवाय कुणाच्या मानेला हात लावू नका.

आणि वाचकहो, कंबरदुखीबरोबर पाय लुळे पडू लागले, मांड्यांच्या आत बधिरपणा आला, लघवी अडली, किंवा अचानक मान दुखून चक्कर आणि बोबडी वळणे सुरू झाले, तर झटका देणाऱ्याची वेळ घेत बसू नका. तडक रुग्णालय गाठा. मेंदू आणि मज्जातंतूंच्या उपचारांचे निम्हान्स रुग्णालय याच शहरात, होसूर रस्त्यावर आहे.