डागडुजीलाही मान हवा

शाळेची इमारत उभारणाऱ्यांची नावे कोनशिलेवर कोरली जातात; दर पावसाळ्यापूर्वी छपराची कौले चाळणाऱ्याचे नाव कोठेच नसते. संगणकाच्या जगातही असेच चालते, आणि हे योग्य नाही असे आम्हांस वाटते.

एक उदाहरण पाहू. एका संगणकावरील फाइल दुसऱ्या संगणकावर सुरक्षित पोहोचविणारी 'एससीपी' नावाची आज्ञावली आहे. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची, की फाइल कुलूपबंद रूपात रवाना होते. १९९९ साली सुरू झालेल्या 'ओपनएसएसएच' या संचात ती येते. संचाचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे.

एससीपीची घडण १९८० च्या दशकातील 'आरसीपी'वरून आलेली. पलीकडचा संगणक प्रामाणिकच असणार, असे तिने गृहीत धरले होते. मागितलेलीच फाइल आली की भलतीच, हे ती नीट तपासत नसे. ही जुनी उणीव २०१९ साली उघडकीस आली. कोड सांभाळणाऱ्यांनी आधी तपासणी घातली, आणि २०२२ साली ९.० आवृत्तीत आतील पद्धतच बदलून 'एसएफटीपी' बसविली. आज्ञा मात्र तीच राहिली. जुन्या यंत्रांसाठी जुनी वाटही खुली ठेवली. बहुतेकांना बदल जाणवलाही नाही. चांगली डागडुजी अशीच असते.

हे काम सोपे नाही. याच संचात २००६ साली बुजविलेले एक छिद्र २०२० च्या फेरबदलात नकळत पुन्हा उघडले आणि ते २०२४ मध्ये सापडले. जुनी ओळ तेथे का आहे, हे समजून न घेता ती काढली की असे होते.

आपल्याकडे मुले दरवर्षी संगणकाचा नवा प्रकल्प करतात, गुण मिळतात आणि प्रकल्प धूळ खात पडतो. आमची सूचना अशी, की एका वर्गाचा प्रकल्प पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती द्यावा. त्यांनी तो वाचावा, चुका शोधाव्यात, काय व का बदलले ते वहीत लिहावे. त्यालाही गुण असावेत. विश्वस्तांनी स्नेहसंमेलनात उत्तम दुरुस्तीसाठी एक बक्षीस ठेवावे. पालकांनीही "नवीन काय केलेस?" यासोबत "जुने काय नीट केलेस?" असे विचारावे.

परप्रांतात मराठी शाळा पिढ्यान्‌पिढ्या चालविणाऱ्या आपल्या समाजाला, टिकविण्याचे मोल वेगळे सांगायला नको.