सायलेन्सरवर रोलर फिरवून झाला, आता ट्रॅकचं बोला

फटफट वाजणारे सायलेन्सर रस्त्यावर मांडायचे, वरून रोडरोलर फिरवायचा, फोटो पेपरला द्यायचा. शहराशहरांत हा कार्यक्रम होतो. माझा त्या कारवाईला अजिबात विरोध नाही. बायपासवर रेस लावणाऱ्याला दंड झालाच पाहिजे, त्याच रस्त्यावरून दूधवाला आणि शाळेची रिक्षाही जाते. पण वेगाचं वेड असलेल्या पोराला "इथे नको" सांगितल्यावर "मग कुठे?" याचं उत्तर धुळे-जळगावात कुणाकडे आहे?

उत्तर जगाला ठाऊक आहे: ट्रॅक. फॉर्म्युला गाडी म्हणजे एकच सीट, डोक्यावर छप्पर नाही, चाकं उघडी, बूड जमिनीला टेकेल इतकी खाली. ट्रॅक डेला हौशी माणूस पैसे भरून ती चालवतो. हेल्मेट आणि आगीपासून वाचवणारा सूट घालूनच बसायचं. समोरून कुणी येत नाही. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल दिसला की सगळेच आत. वळणावर मार्शल, बाजूला ॲम्ब्युलन्स. झेंडा मोडला की बाहेर, तिथे आमदाराचा फोन चालत नाही. आपल्या पोरांना शिस्त लावायची तर याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही.

पण देशातले नावाजलेले ट्रॅक कुठे? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोईमतूरचा कारी स्पीडवे, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. आपल्यापासून हजार किलोमीटर धरूनच चाला. पिथमपूरचा 11.3 किलोमीटरचा नॅट्रॅक्स आपल्याच मुंबई-आग्रा हायवेच्या वाटेवर आहे, पण तो मुळात गाड्यांच्या चाचणीसाठी.

आता कुणी म्हणेल, "हाई कसाले जोयजे भाऊ? पाण्याचं बोला, कापसाच्या भावाचं बोला." बोलतोच की. पण कोईमतूरही कापसाचंच शहर. तिथल्या गिरणीवाल्या घरातल्या करिवर्धन यांनी मारुती 800 चं इंजिन टाकून स्वस्तातली फॉर्म्युला मारुती बनवली. त्या गाडीतून पुढे आलेला नारायण कार्तिकेयन 2005 ला फॉर्म्युला वनमध्ये पोचला. आज एलजीबी फॉर्म्युला 4 मध्येही स्विफ्टचं इंजिन असतं. आपल्या गॅरेजवाल्याला ते डोळे मिटून खोलता येईल. म्हणजे हा खेळ फक्त ड्रायव्हरचा नाही. मेकॅनिक, वेल्डर, इंजिनिअरिंगची पोरं, सगळ्यांना त्यात काम आहे.

"श्रीमंतांचा खेळ" हा आक्षेप अर्धा खरा आहे. टायर, सूट, फी, सगळं महाग. पण ट्रॅक हजार किलोमीटर लांब असला की तो आणखी श्रीमंतांचा होतो, हे कुणी बोलत नाही. चेन्नईत 2024 ला भर शहरात रात्रीची रेस झाली. तसला झगमगाट मला नकोच. दोन दिवस बघायचं आणि घरी जायचं, त्यात आपल्या पोराच्या हातात स्टिअरिंग कधी येणार?

कोल्हापूरकरांनी कार्टिंगचा ट्रॅक उभा केला, तिथे राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. आपण निदान तेवढं तरी करावं. माझी मागणी साधी आहे. दोन्ही जिल्ह्यांत मिळून एमआयडीसीची एक पडीक जागा भाड्याने द्या. कुंपण, टायरच्या भिंती, कार्टिंगपुरता डांबरी ट्रॅक. पैसा उद्योजकांनी घालावा, खर्च वापरणाऱ्याने भरावा, सरकारने परवानगी आणि सुरक्षेचे नियम लेखी द्यावेत. कार्टिंगमध्ये हात बसला की पोरं फॉर्म्युला गाडीकडे जातील.

आणि पोरांनो, तुम्हालाही सांगतो. ट्रॅक होईपर्यंत बायपास हा तुमचा ट्रॅक नाही. तिथे पिवळा झेंडा दाखवायला कुणी उभं नसतं.

पटलं तर शेअर करा. आणि दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींना टॅग करा, पक्ष न बघता.