होम्सच्या लेखकाने लढविलेली खरी केस

शेरलॉक होम्स हा माणूस या जगात कधी जन्मलाच नाही. तरीही लंडनच्या बेकर स्ट्रीट, २२१-ब या पत्त्यावर लोक वर्षानुवर्षे त्याच्या नावाने पत्रे पाठवीत राहिले. सर आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८७ मध्ये त्याला वाचकांसमोर आणले. १८९३ च्या एका कथेत त्याला मारूनही टाकले. पण वाचक ऐकेनात. शेवटी १९०३ मध्ये त्याला जिवंत परत आणावे लागले. होम्सच्या चार कादंबऱ्या व छप्पन्न कथा आहेत. भालबा केळकरांनी त्याला मराठीत आणले. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी तर आमच्या वडिलांच्या पिढीला वाचनाची गोडी लावली.

या कथांत असे काय आहे? उत्कंठा आहेच. परंतु आमच्या मते खरे कारण निराळे आहे. चांगल्या गुप्तहेरकथेत सगळ्यांचे बोट आधी नोकराकडे, गरिबाकडे किंवा बाहेरून आलेल्याकडे जाते. गुप्तहेर मात्र माणसाचे घराणे पाहत नाही. तो बुटावरचा चिखल पाहतो. हिशेबनीस जशी तेरीज जुळेपर्यंत वही मिटत नाही, तसा तो पुरावा जुळेपर्यंत कोणाला गुन्हेगार म्हणत नाही. सामान्य वाचकाला हे फार हवेसे वाटते.

ही केवळ पुस्तकातली गोष्ट नाही. मूळचे मुंबईचे पारशी असलेले शापुरजी एडलजी ख्रिस्ती झाले आणि १८७६ पासून इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातील ग्रेट वर्ली गावी पाद्री होते. त्यांची पत्नी इंग्रज होती. मुलगा जॉर्ज शिकून सॉलिसिटर झाला. रेल्वे प्रवाशांच्या हक्कांवर त्याने कायद्याचे पुस्तकही लिहिले. परंतु काळ्या वर्णाचा पाद्री अनेकांच्या डोळ्यांत सलत होता. त्या घराला निनावी पत्रांचा उपद्रव वर्षानुवर्षे होत होता.

१९०३ मध्ये त्या भागात रात्री कोणीतरी गुराघोड्यांची पोटे फाडू लागले. पोलिसांनी जॉर्जला पकडले. मुलगा रात्रभर माझ्याच खोलीत होता, दाराला कुलूप होते, असे वडिलांनी कोर्टात सांगितले. जॉर्ज कोठडीत असतानाही जनावरे कापली जातच होती. तरीही त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. फौजदारी शिक्षेविरुद्ध दाद मागायला इंग्लंडमध्ये तेव्हा अपील न्यायालय नव्हते. सुमारे दहा हजार लोकांनी सह्यांचे अर्ज केले. तीन वर्षांनी, १९०६ मध्ये त्याला सोडले. पण निर्दोष म्हणून नव्हे. कपाळावरचा डाग तसाच राहिला आणि वकिलीही गेली.

त्याने डॉयल यांना पत्र लिहिले. भेट लंडनच्या एका हॉटेलात ठरली. डॉयल पोचले तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदी जवळ, तेही तिरके धरून वाचत होता. डॉयल स्वतः डॉक्टर, त्यातही डोळ्यांचा अभ्यास केलेले. ज्याला दिवसा समोरचे धड दिसत नाही, तो अंधाऱ्या पावसाळी रात्री रूळ आणि कुंपणे ओलांडून घोडा शोधायला जाईल कसा? ते गावी जाऊन सगळी वाट पाहून आले. बुटावरचा चिखल त्या शेतातला नव्हता. कोटावरचे घोड्याचे केस तर कोट आणि मेलेल्या घोड्याचे कातडे एकत्र नेल्यामुळे लागले असावेत. हे सारे त्यांनी जानेवारी १९०७ मध्ये 'डेली टेलिग्राफ'मध्ये लिहिले.

देशभर गाजावाजा झाला. त्याच वर्षी सरकारने जॉर्जला माफी दिली. मात्र निनावी पत्रे त्याचीच, असा शेरा मारून नुकसानभरपाई नाकारली. वकिलीची सनद त्याला परत मिळाली. याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालयाचा कायदा झाला. त्यामागे अशा प्रकरणांचा मोठा हात होता.

घोड्यांचा खरा मारेकरी कोण, हे कोर्टात कधीच सिद्ध झाले नाही. कथेत शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडतो. येथे तसे झाले नाही. तरीही डॉयल यांची मेहनत फुकट गेली असे आम्ही म्हणणार नाही. गुन्हेगार सापडणे हे अर्धेच काम. निरपराध माणूस सुटणे हे उरलेले अर्धे, आणि ज्याच्या घरावर प्रसंग येतो त्याच्या लेखी तेच मोठे.

म्हणून मुलगा-मुलगी गुप्तहेरकथा वाचत बसली, तर वेळ वाया घालवतो म्हणून पुस्तक हिसकावू नका. उलट मधेच थांबवून विचारा, "तुला कोणाचा संशय येतो? आणि कशावरून?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही देईल. दुसऱ्याचे देण्याची सवय मात्र लहानपणीच लागलेली बरी.