खेळच तर आहे, असं म्हणू नका



गेल्या महिन्यात स्वाध्याय संपल्यावर आम्ही सगळ्या मंदिराच्या ओट्यावर बसलो होतो. माझ्या नखांत निळा रंग अडकलेला एकीला दिसला. घर रंगवताय का, म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, "घर नाही, बाहुलीघर. लहानपणचं आहे, माळ्यावर पडून होतं, ते दुरुस्त करतेय."

त्यावर दोन जणी बोलल्या. पहिली म्हणाली, "वहिनी, या वयात परिग्रह कमी करायचा, तुम्ही बाहुल्यांचा वाढवताय!" दुसरी म्हणाली, "अहो, खेळच तर आहे. छान लाखेचं पॉलिश मारा, जुन्या पैठणीचे पडदे लावा, झकास दिसेल."

त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. आज देते. एकीला ते नको होतं आणि दुसरीला सजवून हवं होतं, पण दोघींच्या मनात गोष्ट एकच होती: खेळातलं घर म्हणजे काही खरं घर नव्हे, त्याला धर्माचे नियम कशाला लावायचे? मला हे पटत नाही. घर कसं चालवायचं हे मुलगी आधी खेळात शिकते, मग स्वयंपाकघरात. खेळात जे चाललं ते पुढेही चालतं.

आधी हे घर काय आहे ते सांगते. १९६७ साली आमच्या गावच्या सुतारानं देवदारी खोक्याच्या फळ्या आणि सागाचे उरलेले तुकडे जोडून ते मला आणि आक्काला करून दिलं होतं. पुढची भिंत दारासारखी उघडते. खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर, वर माडी. वरती कौलारू छप्पर. विलायती बाहुलीघरांचं माप ठरलेलं असतं, खऱ्या घरातल्या एका फुटाला इथे एक इंच. आमच्या सुतारकाकांना असलं माप ठाऊक नव्हतं. त्यामुळे माडीचं दार जिन्यापेक्षा मोठं आहे. ते मी तसंच ठेवलंय.

माळ्यावरून काढलं तेव्हा छपराची एक फळी पोखरलेली होती, बिजागऱ्या गंजल्या होत्या, रंगाचे पोपडे निघत होते. दुरुस्तीला बसले आणि पहिल्याच दिवशी कळलं की प्रत्येक पावलावर प्रश्न आहे.

पहिला प्रश्न किड्याचा. फळीला बारीक भोकं होती, खाली पिवळट भुसा. ओळखीचे सुतार म्हणाले, "औषध मारतो, दोन मिनिटांत मरतील." आपण पाण्यातल्या जिवांसाठी गाळणं वापरतो, आणि लाकडातल्या जिवावर ठरवून विष ओतायचं? गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, मान्य. पण ही तर संकल्पी हिंसा. मी काय केलं, सांगते. घराचे सुटणारे भाग वेगळे करून प्रत्येकाखाली काळा कागद पसरला आणि तीन आठवडे वाट पाहिली. भोकं जुनी असतील तर नवा भुसा पडत नाही. छपराची ती एक फळी सोडली तर सगळे कागद स्वच्छ राहिले. ती फळी काढून परसातल्या झाडाखाली, जुन्या लाकडांच्या ढिगाऱ्यात ठेवली. त्यातला जीव त्याच्या आयुष्यानं जाईल. नवी फळी बसवली. औषध दोन मिनिटांचं होतं, मला तीन आठवडे लागले. सहा महिने उन्हात पापड वाळत घालणाऱ्या आपण, तीन आठवड्यांची घाई कोणाला?

दुसरा प्रश्न चिकटवण्याचा. जुन्या जोडांत सरस होता. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून सरस करतात. "असलीच दुरुस्ती हवी तर सरसच लावा," असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. बाजारातला पांढरा कृत्रिम डिंक लाकडाला उत्तम धरतो. भिंतींना कागद लावायला कणकेची खळ करणार होते, पण पिठाला कसर लागते आणि वर्षभरानं पुन्हा औषध मारायची वेळ येते. जीव उत्पन्न होऊ नयेत अशी काळजी आधीच घ्यायची, हाच यत्नाचार. धान्याच्या डब्याला आपण तोच नियम लावतो.

तिसरा प्रश्न पॉलिशचा, आणि इथे मला जास्त बोलायचंय. लाख हा झाडाचा चीक आहे असं आपल्यातल्या बऱ्याच जणींना वाटतं. तसं नाही. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वसाहत करतात आणि अंगातून तो थर सोडतात. फांदी खरवडून लाख काढताना असंख्य किडे मरतात. फ्रेंच पॉलिश म्हणतात ते याच लाखेचं. चन्नपट्टणच्या सुरेख लाकडी खेळण्यांवरची चकाकीही लाखेचीच असते. त्या कारागिरांच्या हाताला माझा नमस्कार, पण "नैसर्गिक" असा शिक्का पाहून "अहिंसक" समजू नका. हे दोन शब्द वेगळे आहेत.

आणि हे माझं आजचं डोकं नाही. श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांची, पंधरा कर्मादानांची यादी आठवा. त्यात दंतवाणिज्य आहे, लाक्षावाणिज्य आहे, विषवाणिज्य आहे. हस्तिदंताची मूठ, लाखेचं पॉलिश, किड्याचं औषध: एवढ्याशा बाहुलीघराच्या दुरुस्तीत त्या यादीतल्या तीन गोष्टी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. कॉलेजात व्यापार शिकवला, पण कुठला व्यापार करू नये हे एकाही पेपरात नव्हतं. ते आपल्या आचार्यांनी शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. मी लाकडाला जवसाचं तेल लावलं. पातळ हात, पुसून कोरडं, पुन्हा चार दिवसांनी दुसरा हात. फक्त एक सांभाळा: तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून ठेवा.

रंगाबद्दलही सावध करते. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम २०१७ पासून लागू झाला. म्हणजे माळ्यावरच्या खेळण्याचा रंग संशयितच धरायचा. कोरडा घासायचा नाही. ओला करून, तोंडाला फडकं बांधून, नातवंडांना लांब ठेवून घासायचा. ब्रश नायलॉनचे घेतले, कारण बारीक कामाचे चांगले ब्रश बहुतेक प्राण्यांच्या केसांचे असतात.

कोणी म्हणेल, नायलॉन आणि कृत्रिम डिंक तरी कुठे शुद्ध? तेही खनिज तेलातून येतात, त्यातही दोष आहे. खरं आहे. निर्दोष असं काही मला सापडलं नाही. पण जिथे जीव डोळ्यांसमोर मारला जातो ते आधी सोडायचं, हा क्रम तरी आपण पाळू शकतो.

आता पैठणी. मैत्रिणींनो, राग येईल, येऊ दे. धागा अखंड निघावा म्हणून कोश आतल्या जिवासकट उकळतात किंवा वाफवतात. आपण सूर्यास्तानंतर जेवत नाही, बटाटा वर्ज्य करतो, आणि दशलक्षणात रेशमी साडी नेसून मंदिरात पहिल्या रांगेत बसतो. मीही बसले आहे, चाळीस वर्षं बसले आहे. जुनी पैठणी कापली तर नवा जीव मरत नाही हेही कळतं. पण नात विचारेल, "आजी, हे चमकतं ते काय आहे?" तेव्हा मला काय सांगता येईल? पडदे मी आईच्या जुन्या सुती इरकलीचे केले.

मग आतलं सामान. बाजारात छोट्या भांड्यांबरोबर प्लास्टिकचं जेवण मिळतं. एका संचात भाजलेली कोंबडी, मासा आणि अंडी होती. "खेळच तर आहे!" इथे मला यशोधर राजाची गोष्ट सांगायचीय. सोमदेवसूरींनी ९५९ साली पूर्ण केलेल्या यशस्तिलक चंपूत ती आहे. जिवंत प्राण्याचा बळी द्यायला राजा तयार नव्हता, म्हणून आईच्या आग्रहानं त्यानं पिठाचा कोंबडा करून देवीपुढे कापला. पिठाचाच होता! तरी माय-लेकांना जन्मोजन्मी पशूंच्या योनीत फिरावं लागलं, कारण मनात मारण्याचा संकल्प होता. मुलीनं प्लास्टिकची कोंबडी बाहुलीला वाढली तर ती नरकात जाईल असं मी म्हणत नाही. लहान मूल आहे ते. पण ती कोंबडी विकत घेणारी आजी लहान नाही.

माझ्या छोट्या स्वयंपाकघरात पितळी हंडा आहे, त्यावर बोटभर पांढऱ्या कापडाचं गाळणं, आणि गाळण्यातले जीव परत विहिरीत सोडायचं इवलंसं भांडं. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे साडेपाचावर चिकटवलेत, म्हणजे बाहुल्या नेहमी दिवसाउजेडी जेवतात. देव्हारा मात्र ठेवला नाही. जिनप्रतिमा खेळायची वस्तू नाही. त्या जागी चौरंग आणि त्यावर शास्त्राची छोटी वही आहे.

आता पहिल्या बहिणीचं उत्तर: परिग्रह. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवर केलेली नाही, मूर्च्छेवर केली आहे. त्यामुळे लहान वस्तू म्हणून सूट नाही, हे मला मान्य आहे. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऑर्टमन या बाईंचं बाहुलीघर आहे, १६८६ ते १७१० या काळातलं. त्यासाठी चीनहून छोटी भांडी मागवली होती, आणि त्यावर झालेल्या खर्चात तिथे कालव्याकाठचं खरं घर आलं असतं. दिल्लीचं राष्ट्रपती भवन बांधणाऱ्या लट्यन्सनी १९२० च्या दशकात इंग्लंडच्या मेरी राणीसाठी बाहुलीघर केलं, त्याच्या तळघरात इवल्या बाटल्यांत खरी दारू भरली होती. घर लहान केलं तरी हाव लहान होत नाही.

म्हणून मी हिशेब ठेवला. पॉलिशपेपर ६० रुपये, डिंक ८५, रंग ३२०, ब्रश ९०, बिजागऱ्या १६०, जवसाचं तेल १४०, सुतारांची मजुरी ६००. एकूण १,४५५. सुरुवातीलाच १,५०० ची मर्यादा लिहून ठेवली होती, परिग्रह-परिमाण व्रत घेतो तशी. जुनं दुरुस्त करण्यात मला दोष दिसत नाही. दरवर्षी नवं प्लास्टिक आणून जुनं उकिरड्यावर टाकण्यात दिसतो. उद्यापनाला वाटलेले आणि न वापरता माळ्यावर गेलेले डबे मोजा, मग माझ्या बाहुलीघराकडे बोट दाखवा.

पण एवढ्यावर थांबले तर अर्धं खरं सांगितल्यासारखं होईल. हे घर दोघींचं होतं. आक्कानं १९९१ साली आर्यिका दीक्षा घेतली. एक पांढरी साडी, पिंछी आणि कमंडलू घेऊन ती गेली, आणि आता तिला आक्का म्हणता येत नाही, माताजी म्हणायचं. या वैशाखात त्यांच्या दर्शनाला गेले तेव्हा उत्साहानं सगळं सांगितलं: गाळणं, घड्याळ, जवसाचं तेल. वाटलं, त्यांना आठवेल, थोडं हसतील. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "कुणासाठी करतेयस?"

"नातीसाठी," मी म्हटलं.

"मग तिला हात लावू देतेस का?"

मला बोलता येईना. घर तयार होऊन महिना झाला होता आणि मी ते काचेच्या कपाटात ठेवलं होतं. सात वर्षांची नात काचेला नाक लावून बघायची. तिनं एकदा हंडा उचलला तर मी ओरडले होते. हिशेबाच्या वहीत घसारा लावला तर त्या घराची किंमत कधीच शून्य झालीय. माझी मूर्च्छा मात्र पूर्ण रकमेची होती. किडा वाचवला, लाख टाळली, आणि मुख्य गोष्ट तशीच राहिली. म्हणजे पहिल्या बहिणीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. फक्त तिनं बोट घरावर ठेवलं, ते माझ्यावर ठेवायला हवं होतं.

परत आल्यावर घर कपाटातून काढून जमिनीवर ठेवलं. आठ दिवसांत एक खुर्ची मोडली. डिंकानं चिकटवली. यंदा दशलक्षणात उत्तम त्यागाच्या दिवशी ते मंदिराच्या पाठशाळेत देणार आहे, मुलींना आणि मुलग्यांनाही. नातीला सांगितलं तेव्हा ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मी रविवारी तिथे जाऊन खेळीन." माझं मन अजून तितकं तयार नाही. पण वहीत तारीख लिहून ठेवलीय.

मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर काही असेल: भातुकली, लाकडी घोडा, पाळणा. खाली काढा. विष, सरस, लाख न लावता नीट करा. खर्चाची मर्यादा आधी लिहा. आणि नीट झालं की पोरांच्या हातात द्या, काचेत ठेवू नका.

जय जिनेंद्र.