इंग्रजी शब्द आणि आपलें वाक्य

आमच्या शहापूर-मुरबाडकडील विद्यार्थ्यांच्या वह्या चाळल्या असतां एक पान हटकून आढळतें. डावीकडे कठीण इंग्रजी शब्द, मध्यें रेघ, उजवीकडे मराठी अर्थ. दररोज दहा शब्द पाठ करावयाचे असा कित्येकांचा नेम असतो. मोबाइलवरही असे शब्द रोज येऊन पडतात. हा उद्योग वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु या पानावर तिसरा रकाना नाहीं, आणि तो नाहीं तोंवर पहिले दोन बहुतेक व्यर्थ होत, असें आमचें स्पष्ट मत आहे. तिसरा रकाना म्हणजे विद्यार्थ्यानें स्वतः रचलेलें वाक्य.

‘नोटोरियस’ या शब्दापुढें एखाद्या स्वस्त मार्गदर्शकांत नुसतें ‘प्रसिद्ध’ एवढेंच छापलेलें असावें, आणि मुलानें तें पाठ करून आपले मुख्याध्यापक ‘नोटोरियस’ आहेत असें निबंधांत भक्तिभावानें लिहावें! अर्थ पाठ होता. शब्द कोणाविषयीं योजावा हें मात्र ठाऊक नव्हतें. मार्गदर्शकांतील तयार वाक्य उतरून घेतल्यानेंही हें ज्ञान होत नाहीं. तें वाक्य बहुधा बर्फाविषयीं किंवा विलायतेंतील एखाद्या बागेविषयीं असतें. मुलाच्या मनांत त्यास मूळ धरावयास जागाच नसते.

मूळ धरण्याची गोष्ट निघाली म्हणून ‘ट्रान्सप्लांट’ हा शब्द घेऊं. मुंबईचा मुलगा तो इस्पितळामुळें ओळखतो. एकाचें मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरांत बसवितात, त्यास हा शब्द आहे. आमच्या मुलास मात्र हा शब्द त्याच्या पहिल्या, शेतांतल्या अर्थानें ठाऊक असावयास पाहिजे. उन्हाळ्यांत राब भाजावयाचा, पाऊस पडतांच त्यावर भाताचें बीं पेरावयाचें, आणि रोप वीतभर झालें कीं तें मुठीमुठीनें उपटून चिखल केलेल्या खाचरांत आवणीस न्यावयाचें, हें तो लहानपणापासून पाहत आला आहे. रोप एका जागेहून दुसऱ्या जागीं न्यावयाचें आणि तेथें तें जगवावयाचें, हाच त्या शब्दाचा गाभा. ज्यानें आवणीवर एक इंग्रजी वाक्य रचलें, त्यास इस्पितळांतला अर्थ निराळा पाठ करावा लागणार नाहीं.

दुसरा शब्द ‘पॅराडॉक्स’. वहींत त्यापुढें ‘विरोधाभास’ असें लिहिलेलें असतें, आणि गंमत अशी कीं हा मराठी अर्थही मुलास तितकाच परका असतो. एका न कळणाऱ्या शब्दापुढें दुसरा न कळणारा शब्द मांडून तो पान पुरें करतो. वस्तुतः या शब्दाचें उदाहरण त्याच्या दाराशीं आहे. तानसेचें धरण 1892 सालीं पुरें झालें, भातसेचें त्याच्या पुष्कळ नंतरचें. दोन्ही शहापूर तालुक्यांत, आणि दोहोंचें पाणी मुंबईची तहान भागवितें. त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखांत बायका हंडे मांडून टँकरची वाट पाहत बसतात. एवढी गोष्ट एका वाक्यांत इंग्रजींत लिहावी आणि तींत ‘पॅराडॉक्स’ योजावा. असें वाक्य ज्यानें लिहिलें, त्यास एक शब्द तर आलाच. शिवाय आपल्या तालुक्याचें गाऱ्हाणें परक्यापुढें मांडावयाची ताकद आली. इंग्रजी शिकावयाचें तें याकरितांच ना?

आमच्या भाषेचा कोश रचणाऱ्या परक्या गृहस्थांकडून या बाबतींत शिकण्यासारखें आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 सालीं निघाला व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति 1857 सालीं. शास्त्री मंडळींस हाताशीं धरून त्यांनीं शब्द जमविले; परंतु नुसते अर्थ देऊन ते थांबले नाहींत. शब्दाखालीं म्हणी, वाक्प्रचार, लोकांच्या तोंडचे प्रयोग त्यांनीं नोंदले. परक्यानें आमची भाषा अशी प्रयोगांतून ओळखली, आणि आम्ही त्याची भाषा रेघ मारून दोन रकान्यांत ओळखूं पाहतों! पुढें तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेनें कित्येक पिढ्यांस दोन्हीकडून वाक्यें करावयास लाविलें. तीं वाक्यें शुष्क असत खरीं, पण वाक्यावांचून शब्द तेथें सुटा राहत नसे.

इ. स. 2000 पासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकवितात. म्हणजे दहावीस बसणाऱ्या मुलाच्या कानांवर ती भाषा दहा वर्षें पडलेली असते. तरीही मुलाखतीच्या खोलींत आपलें गांव कसें आहे एवढें विचारतांच गडबडून जाणारे तरुण आम्हीं पाहिले आहेत. बुद्धींत ते कोणाहून उणे नव्हते. आपल्या गांवाविषयीं इंग्रजींत एकही वाक्य त्यांच्याकडून कधीं कोणीं करविलें नव्हतें, इतकेंच.

“आम्हांस इंग्रजी येत नाहीं, आम्ही काय करणार?” असें पालक विचारतात. त्यांनीं मुलास जवळ बसवून म्हणावें, “बाळ, आज शिकलेला शब्द मला आपल्या बोलींत समजावून सांग, आणि तो तूं कोठें वापरशील तेंही सांग.” बोली कुणबी असो, ठाकरी असो, कातकरी असो. मूल अडखळलें तर शब्द आला नाहीं असें खुशाल समजावें. या परीक्षेस पालकास इंग्रजीचें एक अक्षरही लागत नाहीं.

गुरुजनांसही एक विनंती. मुलाचें स्वतःचें वाक्य चुकणारच. क्रियापद घसरेल, एखादें अव्यय गळेल. तेवढ्यावरून पानभर तांबडी शाई ओतूं नये, नाहीं तर मूल पुन्हां मार्गदर्शकाच्या बिनचूक आणि निर्जीव वाक्याकडे वळेल. दररोज दहांच्या ऐवजीं आठवड्यास पांच शब्द घ्यावेत, प्रत्येकाचें वाक्य घरचें, शेताचें, वाटेवरचें असावें. शाळेच्या चाळीस आठवड्यांत असे दोनशें होतात. हे ज्यांस थोडे वाटतील, त्यांनीं गेल्या वर्षीची आपली वही उघडावी आणि तींतले किती शब्द आज बोलतां येतात तें मोजून पाहावें.