आधी पुरुषाची तपासणी

जानेवारी २०२१ मध्ये कोरोना प्रतिबंधक लसीकरणाच्या प्रारंभीच, लस टोचून घेतल्यास पुरुष नपुंसक होतो, अशी आवई देशभर उठली. भारताच्या औषध महानियंत्रकांना ती साफ खोटी असल्याचे जाहीर करावे लागले. १९७६ च्या नसबंदी सक्तीची आठवण जेथे अद्याप पुसलेली नाही, तेथे अशा आवईस कान लवकर मिळतात. लसीविषयीचे ते भय निराधार ठरले. परंतु लस ज्या रोगापासून वाचविणार होती, तो रोगच पुरुषाच्या जननक्षमतेस बाधक ठरू शकतो, याची चर्चा मात्र गावच्या पारावर कधी झाली नाही.

पेशीत शिरताना हा विषाणू ज्या ‘एसीई-२’ नामक प्रथिनाचा आधार घेतो, ते वृषणांतील पेशींवरही असते. शिवाय तीव्र ज्वराने शुक्राणुनिर्मिती मंदावते, हे वैद्यकास पूर्वीपासून ज्ञात आहे. पवईची आय. आय. टी. आणि मुंबईचे जसलोक रुग्णालय यांच्या संशोधकांनी कोरोनातून बऱ्या झालेल्या १७ पुरुषांच्या वीर्याची १० निरोगी पुरुषांच्या वीर्याशी तुलना केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बऱ्या झालेल्यांचे शुक्राणू संख्येने आणि गतीने कमी आढळले. प्रजननाशी निगडित काही प्रथिनांचे प्रमाणही घटले होते. पाटण्याच्या ‘एम्स’ने तपासलेल्या ३० रुग्णांच्या वीर्यात विषाणू सापडला नाही, मात्र वीर्याची प्रत खालावलेली होती, आणि ७४ दिवसांनंतर ती सुधारूनही पूर्ववत झालेली नव्हती. अर्थात, इतक्या अल्प संख्येवरून कायम वंध्यत्वाचा निष्कर्ष काढणे हा दुसऱ्या टोकाचा अविचार होईल. शिवाय वंध्यत्व म्हणजे नपुंसकत्व नव्हे, हा भेदही ध्यानी ठेवला पाहिजे.

खरा प्रश्न निराळाच आहे. परभणी जिल्ह्यात, पालम-सोनपेठपासून जिंतूर-सेलूपर्यंत, लग्नानंतर दोन वर्षांत पाळणा हलला नाही की दोष सुनेच्या पदरी पडतो. आधी नवस, मग तिच्याच तपासण्या, पुढे नांदेड वा छत्रपती संभाजीनगरच्या वाऱ्या. एका हंगामाचे सोयाबीन त्यात सहज जाते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणही असते, हे वैद्यक सांगते. वीर्यतपासणीस शस्त्रक्रिया लागत नाही, भूल लागत नाही. स्वच्छ डबी, सूक्ष्मदर्शक आणि जाणता तंत्रज्ञ पुरेसा होतो. जी तपासणी सर्वांत स्वस्त आणि निरुपद्रवी ती सर्वांत आधी, हा अर्थशास्त्राचा साधा न्याय आहे. आपल्याकडे क्रम नेमका उलटा आहे, आणि त्याची किंमत स्त्री शरीराने, अब्रूने, आणि कधी कधी सवत येण्याच्या भयाने मोजते.

महासाथ सरली, आता हे कशाला उकरायचे, असे कोणी म्हणेल. परंतु विषाणू नाहीसा झालेला नाही, आणि सुनेवरील आळ तर त्याहून जुना आहे. कुटुंबनियोजनाचा भारही आपण असाच तिच्यावर टाकला. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत पुरुष अपवादानेच आढळतो.

उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मूल न होण्याच्या तक्रारीवर पतीची तपासणी झाल्याविना पत्नीच्या खर्चिक तपासण्यांकडे वळायचे नाही, असा दंडक त्याने आणि जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांनी घालून घ्यावा. पतीस नुकताच कोरोना वा तीव्र ज्वर होऊन गेला असल्यास तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. आशा कार्यकर्तीने सुनेस एकटीला नव्हे, तर जोडप्याला दवाखान्यात धाडावे. लसीच्या नुसत्या आवईने ज्या पुरुषाची झोप उडाली होती, त्याला एका डबीची लाज वाटण्याचे कारण नाही.